आधी कापड वाचा: जुन्या लुगड्यातून नेहरू शर्ट

कोल्हापुरातल्या कुठल्याही जुन्या घरातल्या कपाटाचा वरचा कप्पा उघडा. ओटीत आलेले ब्लाउजपीस एकावर एक रचलेले असतात, रंग जुळत नाही म्हणून कुणी शिवायला टाकलेले नसतात. पाहुण्यांच्या लग्नात बांधलेले फेटे असतात, सत्काराच्या शाली असतात, आहेराचे टॉवेल असतात. आणि खाली ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात, आजीचं एखादं लुगडं असतं. टाकवत नाही आणि नेसणारं कुणी उरलेलं नाही. नवीन कापड आणायला महाद्वार रोडला जायच्या आधी हे सगळं एकदा खाली काढा, असं मी भेटेल त्याला सांगत असतो.

मी शुक्रवार पेठेत राहतो. नोकरी हिशेबाची. शिवणकाम आईकडून आलं. आई गल्लीतल्या बायकांची पोलकी, परकर, पोरांच्या चड्ड्या शिवायची. पायमशीनच्या शेजारी बसून मी काजं करायचो, गुंड्या लावायचो. पोरगा आहे म्हणून तिनं मला तिथनं कधी उठवलं नाही. आज माझ्या अंगावरचे बहुतेक सदरे माझ्या हातचे आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त जुन्या कापडाचे. ते घालून बाहेर पडताना जो आनंद होतो तो दुकानातल्या शर्टानं मला कधीच दिला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

जुनं कापड म्हणजे हलकं कापड, ही समजूत आधी काढून टाका. आपला मुलूख कापडाचा. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली सूतगिरणी आणि कापड गिरणी उभी केली. आपल्या आज्या-पणज्यांनी नेसलेली सुती लुगडी भरदार विणीची. रोज धुणं, रोज उन्हात वाळवणं, रोज पिळा घालणं सोसून जे कापड आज तुमच्या हातात आहे, ते परीक्षा देऊन आलेलं आहे. आटायचं तेवढं आटलंय, रंग जायचा तेवढा गेलाय. नवीन कापडाचा सदरा पहिल्या धुण्यात आखडतो, जुन्याचा आखडत नाही. शिवणाऱ्याला याहून मोठी सोय कुठली?

कापड वाचणं

आई म्हणायची, "कात्री लावायच्या आधी कापडाला इचार." मी ते अक्षरशः करतो. लुगडं पूर्ण उलगडून खिडकीत धरतो, उजेडाच्या विरुद्ध. जिथं उजेड चाळणीतनं आल्यासारखा आरपार येतो तिथं धागे झिजलेत. नऊवारी लुगडं झिजण्याच्या जागा ठरलेल्या असतात. कासोट्याचा भाग, म्हणजे पायांमधनं मागं जाऊन कमरेला खोचला जातो तो, आणि बसण्याचा भाग. खालचा काठ टाचेला घासून विरलेला असतो. वरचा काठ मात्र कमरेत आणि निऱ्यांत सुरक्षित राहिलेला असतो. पदराच्या आधीचा हात-दीड हात भाग बहुतेक वेळा उत्तम निघतो, फक्त खांद्यावर पिन टोचून पडलेली बारीक भोकं बघून घ्या.

सहावारी असेल तर आधी फॉल उसवा. फॉलखाली कापडाचा मूळ रंग तसाच राहिलेला असतो, बाकीच्या साडीपेक्षा गडद, आणि टाक्यांच्या भोकांची एक रांग दिसते. ही पट्टी पुढं सदऱ्याच्या दर्शनी भागावर आली तर दोन रंग उठून दिसतात. काहींना ते आवडतं. मलाही आवडतं, पण मग ते दोन्ही बाजूंना सारखं यायला हवं.

डोळ्यांनी झालं की हातांनी. दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवा, कापड चिमटीत धरा आणि ताणा. एकदा उभ्या धाग्याच्या दिशेनं, एकदा आडव्या. चांगलं कापड ताणून परत बसतं. गेलेलं कापड बारीक आवाज करतं आणि धागे सरकतात. असा भाग दिसला की खडूनं फुली मारा. फुली मारलेल्या भागातनं काहीही कापायचं नाही, कितीही मोह झाला तरी. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

इरकल असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. टोपपदरी इरकलीत अंगाचे उभे धागे सुताचे आणि पदराचे रेशमी असतात (आता बहुतेक कृत्रिम रेशमाचे), आणि ते एकमेकांत अडकवून पुढं विणलेले असतात. तो सांधा दिसायला देखणा, पण ताणाला कच्चा. खांदा, काख, कोपर अशा ठिकाणी तो येऊ देऊ नका.

फेट्यांचं कापड बहुतेक वेळा पातळ आणि झिरझिरीत असतं. अंगावरच्या कपड्याला ते चालत नाही. पण पहिल्यांदा कापायला बसताय ना, तर तालीम फेट्यावर करा. लांब कापड हाताशी असतो आणि जीव अडकलेला नसतो.

धुणं आणि खळ

ट्रंकेतलं कापड दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टाका, डांबरगोळीचा वास जातो. मग रिठ्याच्या पाण्यात किंवा साध्या सौम्य साबणात हलकं धुवा. मशीनमध्ये घालू नका, पिळू नका.

जुनं कापड इतकं मऊ झालेलं असतं की कात्रीखालनं पळतं. रेघ सरळ आखली तरी कापेपर्यंत वाकडी होते. यावर आईचा उपाय होता खळ. साबुदाणा पाण्यात शिजवायचा, गाळून पातळ करायचा, ओलं कापड त्यातनं काढायचं आणि अर्धवट ओलं असतानाच इस्त्री फिरवायची. भाताची पेजही चालते, पण गाळून घ्या, नाहीतर शितं इस्त्रीला चिकटतात. खळ घातलेलं लुगडं नव्या कापडासारखं ताठ उभं राहतं. कापणं, टीप मारणं सगळं सोपं जातं, आणि सदरा झाला की एका धुण्यात खळ निघून कापड पुन्हा मऊ होतं. नव्यानं शिवणाऱ्यांच्या निम्म्या अडचणी इथंच संपतात, म्हणून ही पायरी गाळू नका.

माप आणि कापणी

नेहरू शर्टच का? कारण तो सगळा चौकोनांचा बनतो. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतो त्या जागेची, गोलाई नाही, बाहीचा घुमट नाही. कापड वाया जात नाही आणि झिजलेला भाग चुकवून चौकोन बसवता येतात. आपल्याकडं पैरण पिढ्यान्‌पिढ्या याच हिशेबानं शिवत आले.

छाती ३८ इंच धरून सांगतो. सैल सदऱ्याला छातीपेक्षा सहा इंच जास्त हवेत, म्हणजे तयार घेर ४४. पुढचा भाग २२, मागचा २२. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीत जाणारं जादा कापड) धरून प्रत्येक तुकडा २३ इंच रुंद कापायचा.

आता कामाची युक्ती. लुगडं आडवं वापरा. म्हणजे लुगड्याची लांबी सदऱ्याची रुंदी होते आणि लुगड्याची रुंदी सदऱ्याची उंची. माझ्याकडच्या लुगड्यांची रुंदी ४५ इंचांच्या आसपास भरते, तुमची आधी मोजा. काठापासून वर ३९ इंच घेतले की तयार सदरा साधारण ३८ इंच उंच, आणि काठ आपोआप घेरावर, म्हणजे सदऱ्याच्या खालच्या कडेवर, येतो. काठाची कडा विणीतच बंद असते, त्यामुळं खाली दुमडून शिवायची गरजच नाही. एवढी सुबक कडा मशीनवर कुणालाही शिवता येणार नाही. घेरासाठी वरचा, न घासलेला काठ घ्या.

पुढचा आणि मागचा भाग मिळून लुगड्याचे ४६ इंच लागले. बाह्यांसाठी आणखी १९ इंचांचा तुकडा कापा आणि रुंदीच्या मधोमध दोन भाग करा. दोन बाह्या मिळाल्या, दोन्हींच्या मनगटावर काठ. खालचा काठ फारच विरला असेल तर दोन्ही बाह्या वरच्या काठाच्या बाजूनं काढा, तेवढं कापड जास्त लागेल. बाहीची लांबी आपापल्या हातावर मोजून ठरवा, पण खांदा इथं दंडावर उतरतो, तेव्हा नेहमीच्या बाहीपेक्षा दोन-तीन इंच कमी पुरतात.

वर उरलेल्या पाच-सहा इंचांच्या पट्टीतनं काखेचे पाच-पाच इंचांचे दोन चौकोन काढा. सगळं धरून लुगड्याचे ६५ ते ७० इंच होतात. नऊवारीची लांबी ३२४ इंच. अर्धं लुगडं झिजलेलं असलं तरी दोन सदरे आरामात निघतात. आडवं वापरल्यावर उभ्या रेघा आडव्या होतात, हे मात्र कापायच्या आधी अंगावर धरून बघा. चौकडीला फरक पडत नाही.

गळा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात लहान कापा. रुंदी ६ इंच, पुढची खोली ३, मागची पाऊण. खांद्याला गळ्यापासून टोकापर्यंत पाऊण इंच उतार द्या.

टीप मारणं

सुई ११ नंबरची, नवी. जुनी बोथट सुई जीर्ण कापडाचे धागे तोडत जाते. दोरा सुती किंवा मऊ, टाका थोडा मोठा. जाड पॉलिस्टरचा दोरा आणि बारीक टाका मिळून जुन्या कापडाला ओळीनं भोकं पाडतात आणि पुढं कापड तिथंच फाटतं. माझं मशीन उषाचं, पायाचं. जुन्या कापडाला मला तेच बरं वाटतं, कारण वेग पायात असतो. नाजूक जागा आली की एकेक टाका घालता येतो. मोटर लावलेलं असेल तर अशा जागी हातानं चाक फिरवा.

खांद्यापासून सुरुवात. दोन्ही भाग आधी सुलट बाजू बाहेर ठेवून जोडा आणि पाव इंचाची टीप मारा. सुटे धागे कापून टाका. मग उलटवून, सुलट बाजू आत घेऊन, पुन्हा पाव इंचावर टीप. पहिली शिवण दुसरीच्या पोटात बंद होते, एकही धागा बाहेर दिसत नाही, इंटरलॉकला (मशीनवर कडा बांधून घ्यायला) पैसे घालवावे लागत नाहीत. अर्धा इंच माया बरोबर यात जाते. खांद्यावर सगळा भार येतो, म्हणून दुसऱ्या टिपेत ब्लाउजपीसची बोटभर पट्टी आतनं सोबत घ्या.

गळ्याची चीर हा सदऱ्याचा चेहरा, त्यामुळं इथं घाई नको. ब्लाउजपीसचा ३ इंच रुंद आणि ८ इंच लांब तुकडा घ्या. रंग विरुद्ध घेतला तर फार सुंदर दिसतं, गर्द हिरव्या लुगड्याला डाळिंबी किंवा हळदी. त्याच्या तीन कडा दुमडून टीप मारा. हा तुकडा पुढच्या भागाच्या सुलट बाजूवर, गळ्याच्या कडेला, मधोमध ठेवा. खडूनं सहा इंचांची सरळ रेघ आखा. रेघेच्या एका बाजूनं, वर पाव इंच अंतर ठेवून खाली या, तळाशी पोहोचेपर्यंत अंतर कमी करत आणा, तळाला एकच आडवा टाका घाला, आणि दुसऱ्या बाजूनं तसेच वर जा. तळाजवळचे टाके बारीक हवेत. आता कात्रीच्या टोकानं रेघेवर कापा, अगदी त्या आडव्या टाक्याला भिडेपर्यंत. धागा कापायचा नाही, पण एक सूतही आधी थांबायचं नाही. आधी थांबलात तर तळाशी चुणी पडते आणि ती इस्त्रीनं जात नाही. तुकडा आत उलटवा, नखानं कडा बाहेर काढा, इस्त्री फिरवा. सरळ, स्वच्छ चीर उघडते. दरवेळी ही चीर उलटवली की मी दोन मिनिटं नुसता बघत बसतो.

गळ्याच्या गोलाईला उरेप पट्टी. ब्लाउजपीस कोपऱ्यातनं तिरका दुमडा, त्या घडीला समांतर सव्वा इंचाच्या पट्ट्या कापा. तिरक्या कापलेल्या पट्टीला ताण असतो, म्हणून ती गोलाईवर बसते. लावताना पट्टी किंचित ओढत राहा, गळा अजिबात ओढू नका. मायेला जागोजागी बारीक चिरा द्या, पट्टी आत वळवा आणि हातानं शिवून टाका. मशीननंही होतं, पण जुन्या कापडाच्या गळ्याला हातशिलाईच शोभते. वर एक गुंडी लावा. कापडाची बारीक नळी शिवून तिची गाठ मारली की गुंडी, तिचाच फास केला की काज.

बाही लावायला सोपी. बाहीच्या रुंदीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर, आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच सरळ खाली.

काखेच्या चौकोनाला बरेचजण घाबरतात. त्याचे चार कोपरे नीट समजून घ्या. समोरासमोरचे दोन कोपरे, एक पुढं आणि एक मागं, बाही आणि अंग जिथं मिळतात त्या सांध्यावर बसतात. राहिलेल्यांपैकी एक मनगटाकडं जातो, एक घेराकडं. प्रत्येक बाजू कोपऱ्यापासून अर्धा इंच सोडून सुरू करायची आणि पुढच्या कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी थांबवायची, मगच कोपरा वळतो. इथं बंद शिवणीच्या फंदात पडू नका. साधी टीप, तिच्या शेजारी दुसरी टीप, पुरे. या चौकोनामुळं हात वर केला की सदरा वर चढत नाही. बसमध्ये दांडा धरून उभं राहिलं तरी काख ताणत नाही आणि जुनं कापड जिथं सगळ्यात आधी फाटतं तिथं त्याला मोकळीक मिळते. चौकोन न लावता शिवलेला जुन्या कापडाचा सदरा काखेतच जातो. म्हणून वेळ लागला तरी लावाच.

मग मनगटापासून काखेपर्यंत आणि तिथनं खाली चिरेपर्यंत बाजूची शिवण. बाजूची चीर दहा इंच, कडा दुहेरी दुमडून. चिरेच्या माथ्यावर चार-पाच आडवे टाके घट्ट भरा.

झिजलेल्या भागाचं

सदऱ्यात एखादी झिजकी जागा आलीच, तर मागनं तुकडा लावा आणि वरनं धावदोऱ्याच्या ओळी घाला, जवळजवळ, वाकळीला (गोधडीला) घालतो तशा. कापडाच्या रंगाचा दोरा घ्यायचा की उठून दिसणारा, ही तुमची आवड. मी पांढरा घेतो. माझ्या एका सदऱ्याच्या पाठीवर असा तळहाताएवढा भाग आहे. रंकाळा तलावावर फिरताना अनोळखी माणसांनी थांबवून ते कुणी केलं म्हणून विचारलंय. स्वतः केलं म्हणून सांगताना छाती फुगते, का फुगू नये?

खडूची फुली मारलेलं सगळं वाकळीला द्या. वाकळीत कापडाला ताण नसतो, थराला थर आधार देतो, त्यामुळं विरलेलं लुगडंही तिथं आणखी बरीच वर्षं काढतं. पूर्वी लुगडं मधे विरलं की तो भाग काढून दोन टोकं जोडायचे, दंड घालायचे, आणि तेच लुगडं पुन्हा नेसायचे. मग परकर, मग लहान पोरांची टकुची (टोपडी), मग वाकळ. आता आपण एवढं काढून बोहारणीला देतो आणि एक स्टीलचा डबा घेतो. डबे घरात भरपूर झालेत. लुगडं एकदाच असतं.

इचलकरंजीकडं ओळख असेल तर तागा संपताना उरलेले तुकडे विचारून बघा. गल्लीतल्या शिंप्याकडं कात्रणाचं पोतं असतं, गळपट्ट्या आणि खिशांपुरतं त्यातनं मिळून जातं. बहुतेक शिंपी हौसेनं देतात, आणि काय शिवलं ते आणून दाखवलं की पुढच्या वेळी चांगले तुकडे बाजूला काढून ठेवतात.

तयार सदरा थंड पाण्यात हातानं धुवा, सावलीत आडवा वाळत घाला, दोरीवर खांद्यानं टांगू नका. पावसाळ्यात आपल्याकडं चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. ओलसर कापड घडी करून ठेवलं तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि जुन्या सुतावरनं ते निघत नाहीत. पंख्याखाली पूर्ण कोरडा करून, कोमट इस्त्री फिरवून मगच कपाटात ठेवा. उरलेल्या उरेप पट्ट्या पुठ्ठ्याला गुंडाळून त्याच कपाटात ठेवा. दुसऱ्या सदऱ्याचं कापड अजून शिल्लक आहे, त्याच्या गळ्याला लागतील.